ऐकणाऱ्याची जागा

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय आखूड आहे. लोकांच्या घरचं सगळं सरळ करता करता आपल्या घरचं तसंच राहून जातं. करू करू म्हणत चार वर्षं गेली. ह्या बाकावर बसा. भुसा झटकून घ्या.

सोफ्याच्या आत वूफर बसवायचा म्हणता ना? होईल. बायकोला तो काळा डबा डोळ्यांसमोर नको, आणि तुम्हाला आवाजात काडीची तडजोड नको. सगळ्यांचं हेच असतं. लोक सोफ्याखाली नुसता डबा सरकवून देतात आणि मग म्हणतात, आवाज मेला. मरणारच. पांघरुणात तोंड खुपसून बोलणाऱ्या माणसासारखं होतं ते. आवाजाला बाहेर यायला वाट पाहिजे. समोरून लाकूड काढायचं, कापड लावायचं, आणि कापडही असं की तोंडाशी धरून फुंकर मारली तर पलीकडे पोचली पाहिजे. मागून गरम हवा निघायला जागा ठेवायची. आणि डब्याला सोफ्याचं काहीही टेकता कामा नये, चहूबाजूंनी बोटभर फट. टेकलं की सोफा स्वतःच गायला लागतो, आणि सोफ्याला सुरातलं काही कळत नाही.

एवढं सगळं मी करून देईन. फक्त एक काम तुमचं तुम्ही करायचं. रांगायचं.

हसू नका, चेष्टा करत नाहीये. वूफर खोलीत कुठे शोभेल हे डोळे सांगतात, पण कुठे वाजेल हे नाही सांगत. त्यासाठी जुनी रीत आहे. तुम्ही जिथे बसून ऐकणार, त्या खुर्चीवरच आधी डबा ठेवायचा आणि चालू करायचा. मग आपण जमिनीला कान लावत भिंतीकडेने रांगायचं. एका कोपऱ्यात आवाज फुगतो, दुसरीकडे गायब होतो. जिथे भरून येईल तिथे खडूची खूण करायची. मग डबा खुणेवर आणि माणूस खुर्चीवर. अदलाबदल. आवाजाला दोन्ही टोकं सारखीच असतात, तो इकडून तिकडे जसा जातो तसाच तिकडून इकडे येतो. सत्तावीस वर्षं मी हे गिऱ्हाइकांच्या घरी स्वतः केलं. आता करत नाही. गुडघ्यांमुळे? नाही हो. गुडघ्यांचं वेगळंच झालंय. तेही सांगतो, घाई नसेल तर.

मागच्या वर्षी एक बाई आल्या होत्या. चाळिशीच्या असतील, पण दमून गेलेल्या. तुम्ही बसलात तिथेच बसल्या, पर्स दोन्ही हातांनी मांडीवर धरून. म्हणाल्या, “मिस्त्री, घरी एक लाकडी पेटी आहे. तिच्यात वूफर लपवायचाय. पण कळता कामा नये.”

मी म्हटलं, “ताई, लपवलेला डबा दिसत नाही. त्यासाठीच तर लपवतात.”

“दिसायचं नाही म्हणत. माझ्या सासऱ्यांना कळता कामा नये.”

“आवाज आला की कळणारच की.”

“त्यांना ऐकू येत नाही,” त्या म्हणाल्या. “तीसेक वर्षं झाली. ठार बहिरे आहेत.”

मी हातातला रंधा खाली ठेवला. बहिऱ्या माणसापासून वूफर लपवायचा, हे काम माझ्याकडे पहिल्यांदाच येत होतं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. सासरे छापखान्यात मोठ्या यंत्रावर होते, त्यात कान गेले. सासूबाई कपडे शिवायच्या. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात पायाचं मशीन, शेजारी कापडांची पेटी, आणि समोरच्या भिंतीला सासऱ्यांची खुर्ची. घर वरच्या मजल्यावर, जमीन लाकडी फळ्यांची. सासरे कामावरून आले की बूट-मोजे काढून खुर्चीत बसायचे, तळवे फळ्यांना टेकवून. बरोबर साडेचारला सासूबाई मशीनवर बसायच्या. ती थरथर फळ्यांतून त्यांच्या तळव्यांत यायची. कानांनी ऐकू यायचं तेव्हापासूनची सवय, चाळीस वर्षांची. कान गेले तरी ते म्हणायचे, मला ऐकू येतं, पायांनी येतं.

सासूबाई गेल्या. पंधरा दिवसांत सुनेनं मशीन देऊन टाकलं. “मला वाटलं, डोळ्यांसमोर नसलं म्हणजे त्यांना त्रास कमी होईल. चांगल्याच मनानं केलं हो मी.” दुसऱ्या दिवसापासून म्हाताऱ्यानं ताट सरकवायला सुरुवात केली. रुसवा नाही, राग नाही, भूकच नाही म्हणायचे. साडेचारला खुर्चीत बसायचे, तळवे टेकवायचे, अंधार पडेपर्यंत वाट बघायचे आणि झोपायला जायचे. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. पण महिनाभर असंच चाललं तर आजाराची गरजही पडणार नाही.

सुनेनं मशीन परत आणायला धाव घेतली, तर ते भंगारात गेलेलं. तसलंच दुसरं आणलं, स्वतः चालवून पाहिलं. सासऱ्यांनी डोळे मिटूनच मान हलवली. “ती असं चालवत नाही.” झालं.

सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे बाईंचा नवरा, परगावी असतो, आवाज भरून घेण्याचं काम करतो. आई असताना एकदा त्यानं मशीनखाली माइक ठेवून तासभर भरून घेतलं होतं, सहज, कधी कामाला येईल म्हणून. तो तेच घेऊन आला आणि सोबत मोठा वूफर. कोपऱ्यात ठेवून लावलं. म्हातारा डोळे मिटून बसला आणि तासाभरानं म्हणाला, भूक लागली. सून स्वयंपाकघरात उभी राहून रडली. मग त्यानं डोळे उघडले, कोपऱ्यातला काळा डबा पाहिला. उठला, त्याच्यावर हात ठेवला, आणि भरलं ताट तसंच टाकून आत गेला. “फसवू नका रे मला,” एवढंच म्हणाला.

“म्हणून पेटी,” सूनबाई म्हणाल्या. “पेटी पहिल्यापासून त्या कोपऱ्यातच आहे. तिच्यातून आलं तर…”

“तर त्यांना वाटेल की त्या आल्यात?”

“काय वाटायचं ते वाटू दे. जेवू दे त्यांना.” मग जरा थांबून म्हणाल्या, “आणि आवाज बदलता कामा नये. जरासुद्धा. त्यांना लगेच कळतं.”

मला ते काम आवडलं नव्हतं. दुःखात बसलेल्या माणसाला फसवायचं, तेही त्याच्या बायकोच्या नावानं. पण माणूस उपाशी मरत असला की नियम कुठे आठवतात? मी हो म्हटलं.

दुपारी एक ते चार शेजारचे गृहस्थ सासऱ्यांना बागेत न्यायचे, तेवढा वेळ माझा. पहिल्या दिवशी मी डबा उचलून त्यांच्या खुर्चीवर ठेवला. खुर्चीचं कुशन अजून त्यांच्या अंगाच्या खड्ड्यासकट तसंच होतं, डबा त्यात बसलासुद्धा नीट. सूनबाईंनी मशीनचा तो भरून घेतलेला आवाज लावला आणि प्लगजवळ उभ्या राहिल्या. मी पडदे ओढून घेतले, कारण उजेडात माणूस डोळ्यांनी ऐकतो. खोलीत जुन्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास होता. मशीन जाऊन महिना होत आला होता.

मी रांगायला लागलो. डाव्या गुडघ्यानं तेव्हा अकरा वर्षं छळलं होतं. आई गं, आई गं करत दाराजवळून निघालो. दाराशी आवाज पातळ, खिडकीखाली फुगलेला, कपाटाजवळ काहीच नाही. मग कोपऱ्यात आलो आणि आवाज असा भरून आला की दातांत जाणवला, पायडलवरची पावलं असावीत तसा. टाच, चवडा. टाच, चवडा. मी खडू काढला, खूण करायला वाकलो, आणि पाहिलं तर तिथे फळीवर चार खोलगट डाग होते. मशीनच्या लोखंडी पायांचे. ज्या बाईला माझ्या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तिनं आपली जागा सूतभरही न चुकता निवडली होती.

उठायला गेलो तर एका उघड्या खिळ्यात पँट अडकून डाव्या गुडघ्यावर टर्रकन फाटली. चांगली चार बोटं.

“थांबा, बंद करते,” सूनबाई म्हणाल्या. “अरे देवा, फाटली. आई असत्या ना, तर तुम्हाला इथून तसं जाऊच दिलं नसतं. फाटलेलं बघवायचं नाही त्यांना. कुणाचंही असो.” त्यांनी पडद्याची कड उचलून दाखवली. “हे बघा, शिवणीच्या शेवटी उलटे तीन टाके. सगळे दोन घालतात, त्या तीन. म्हणायच्या, तिसरा टाका माझा.”

मी हूं म्हटलं. पण माझं लक्ष तिथे नव्हतं. त्यांच्या हातात प्लग होता, भिंतीतून काढलेला, वायर लोंबत होती. आणि माझ्या गुडघ्याखाली फळी अजून चालत होती. टाच, चवडा. टाच, चवडा… पाच-सहा वेळा. मग दोन छोटे अर्धवट झटके, चाकावर तळहात ठेवून थांबवल्यासारखे. आणि शांत.

मी वर पाहिलं. त्या कोपऱ्यातून समोर फक्त ती खुर्ची दिसते, दुसरं काही नाही. मी म्हटलं, वाकून वाकून रक्त डोक्यात चढलं असणार. दमलेल्या माणसाला काहीही वाटतं. खडूची खूण केली आणि घरी आलो.

पेटी चांगल्या जुन्या लाकडाची होती. करवत लावायला जीव होत नव्हता. मी तिचा तळ पूर्ण काढून टाकला. नेहमी मी डब्याला रबराचे पाय लावतो, जमीन थरथरू नये म्हणून. इथे उलटं काम. डबा थेट फळ्यांवर, मशीनच्या चार डागांच्या मधोमध, आणि पेटी हातभर सरकवून त्याच्यावर नुसती टोपलीसारखी झाकलेली, डब्याला कुठेही न टेकणारी. समोरची एक फळी काढून पेटीतल्याच गठ्ठ्यातलं तपकिरी कापड ताणून बसवलं. झाकणाला आतून जाड लोकरीची पट्टी. वायर भिंतीच्या पट्टीखालून स्वयंपाकघरात नेली, बटण तिथे, डाळीच्या डब्यामागे.

मग हळूहळू आवाज चढवत गेलो. प्रत्येक सैल वस्तूचा एक सूर असतो, तो आला की ती बोलते. खिडकीची कडी बोलली, तिला कागद लावला. एक चमचा बोलला. सासूबाईंच्या फोटोची काच बोलली, तिच्या मागे मी कापूस घातला, जरा घाबरतच. शेवटी खोलीत दुसरं काही वाजेना, नुसती ती थरथर. डोळे मिटले की कुणी म्हटलं नसतं डबा आहे म्हणून. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू?

चारला सासरे आले. उंच, वाळलेले, कपडे अंगावर टांगल्यासारखे. मी पेटीचं झाकण दुरुस्त करायला आलोय असं सुनेनं पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, बूट काढले, मोजे काढून नीट घडी केली, बसले. साडेचारला सूनबाई आत गेल्या आणि बटण दाबलं.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग उघडून कोपऱ्याकडे पाहिलं, पेटीकडे. मग माझ्याकडे, चांगलं निरखून. मी झाकणाचा स्क्रू पिळत राहिलो. ते परत डोळे मिटून तासभर बसले आणि मग बहिऱ्या माणसाच्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाले, “आज जेवायला काय केलंयस गं?”

त्या दिवशी ते दोनदा वाढून घेऊन जेवले. सूनबाईंनी मला दारापर्यंत सोडलं आणि माझे हात हातात घेतले. मी फाटक्या गुडघ्यानं घरी आलो आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपलो.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. हळू आवाजात बोलत होत्या, घरात बहिऱ्याशिवाय कुणी नसताना.

“मिस्त्री, जरा येऊन जाता का? दुपारी…”

“का, बंद पडला?”

“बंद पडला. नऊ दिवस झाले. मला कळलंच नाही आधी.”

“मग ते परत जेवेनासे झालेत का?”

“जेवतात की,” त्या म्हणाल्या. “खूप जेवतात. पण वाळतच चाललेत… तुम्ही या.”

मी गेलो, पावणेपाचच्या सुमाराला. मागच्या बाजूनं हात घालून पाहिलं तर डब्यातला फ्यूज उडालेला. गार पडला होता डबा. पेटीवर हात ठेवला, मग खाली फळीवर. पेटी हलत नव्हती, डबाही नाही. जमीन हलत होती. टाच, चवडा. टाच, चवडा.

मी वळून पाहिलं. सासरे खुर्चीत होते, डोळे उघडे, चेहरा घामानं डबडबलेला. त्यांचे पाय चालत होते. उघडे तळवे फळीवर, टाच खाली, चवडा खाली, टाच, चवडा, सरळ एका लयीत, पायडल असावं तसे. तळव्यांना घट्टे पडले होते आणि त्यांच्यात काळं काहीतरी मुरलं होतं. खोलीत तेलाचा वास आता चांगलाच येत होता.

मी पाटी घेतली. लिहिलं, ‘आजोबा, काय ऐकताय?’

त्यांनी वाचलं आणि हसले. “ऐकत नाही रे,” ते म्हणाले, “ऐकवतोय.”

पाय थांबले नव्हते.

“तू डबा ठेवलास ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. काम चांगलं केलंस. पण डबा तो डबा. तो बंद झाला की मग ती यायची, थोडी थोडी. म्हणून मी जेवलो.” दम लागला होता त्यांना. “तू डबा माझ्या खुर्चीवर ठेवला होतास ना एकदा? पडदे लावून?”

मी सुनेकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. तिनं सांगितलं नव्हतं.

“तेव्हा पहिल्यांदा तिनं बसून ऐकलं,” म्हातारा म्हणाला. “चाळीस वर्षं तीच चालवत होती. मी आपला बूट काढून बसायचो. तिला कधी कुणी ऐकवलंच नव्हतं. आवडलं तिला. आता माझी पाळी.”

मी लिहिलं, ‘थकाल हो.’

“थकतो की,” ते म्हणाले. “ती थकत नव्हती का?”

मी पाटी खाली ठेवली. सूनबाईंनी त्यांचे गुडघे धरले, दाबून, सगळा जोर लावून. पाय तिच्या हातांत चालत राहिले. मग तिनं सोडले आणि तिथेच जमिनीवर बसली. तिला घरातून उठून जाताही येत नव्हतं आणि हे बघवतही नव्हतं. अंधार पडल्यावर पाय आपोआप थांबले आणि त्यांनी जेवायला मागितलं.

त्याच्यानंतर ते तीन आठवडे होते. डॉक्टर आले, गोळ्या झाल्या. खुर्ची दुसऱ्या खोलीत नेली, तर भिंतीला धरून चालत परत आले आणि जमिनीवर बसून सुरू झाले. गेले तेव्हा पाच वाजायचे होते. सूनबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, “पाय चालत होते आणि मग दोन छोटे अर्धे झटके आले, मिस्त्री… आणि थांबले. कुणीतरी थांबवलं त्यांना.” रडत नव्हत्या. रडण्याइतकं अंगात काही उरलंच नव्हतं.

डबा काढून न्यायला मलाच बोलावलं. मी सकाळी गेलो. तीच फाटकी पँट होती अंगावर. कामाला जाताना कोण चांगली घालतो? खाली बसलो, त्या चार डागांपाशी, डावा गुडघा नेमका तिथेच टेकला. वायर सोडवली. समोर रिकामी खुर्ची. मी मनात म्हटलं, आजी, मी फसवायला आलो होतो खरा, पण माणूस जगावा म्हणून. तुमचं तुम्ही बघा आता. आणि डबा उचलून निघालो.

रात्री पँट इथे ह्या खिळ्याला अडकवली. माझ्या घरी कुणी नाही. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी लांब दिलेली. मला तर चष्मा लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. सकाळी पँट घालायला घेतली तर गुडघा शिवलेला होता. बारीक, सरळ, मशीनची शिवण. टोकाला उलटे टाके. मी नखानं मोजले. तीन.

ती ही पँट. हात लावून बघा, लाजू नका… नको? बरं.

तेव्हापासून डावा गुडघा दुखत नाही. अकरा वर्षांचं दुखणं एका रात्रीत गेलं. उजवा दुखतो नेहमीसारखा. जो शिवला तोच बरा झाला. आधी मला आनंदच वाटला. मग वाटलं, कुणी एखादी वस्तू इतकी नीट दुरुस्त का करतं? वापरायची असते म्हणूनच ना?

म्हणून म्हणतो, तुमच्या घरी तुम्हीच रांगा. ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर डबा ठेवला की आवाज उलटा जातो, आणि त्या टोकाला कोण बसलंय हे आपल्याला दिसत नाही. सोफ्याचं माप घ्यायला मी परवा येईन. सकाळी. दुपारी नको, साडेचारला मी दुकानाबाहेर नसतो. म्हणजे जाता येत नाही.

मघापासून तुम्ही खाली बघताय. माझ्या डाव्या पायाकडे. बघा, हरकत नाही. मलाही दिसतंय. टाच, चवडा… मी हलवत नाहीये हो.

अंधार पडला की थांबतो आपोआप. तुम्ही उठू नका लगेच, बरं दिसत नाही ते. फक्त जरा त्या कडेला सरकून बसा, ऐकणारीला जागा होईल. बाकावर दोन माणसं सहज मावतात.